बाबा, छत्री आणू नका

शनिवारी रात्री आई-बाबांचं मुंबईहून विमान आहे. रविवारी ते डब्लिनला उतरतील, तिथून बसने अडीच-तीन तासांत आमच्या गॉलवेत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव, समोर थेट अटलांटिक. गेले आठ दिवस रोज संध्याकाळी कोल्हापूरहून फोन येतो आणि बाबांचा प्रश्न एकच असतो, "पाऊस आहे का नाही, ते एका शब्दात सांग की गं."

एका शब्दात सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे.

आपल्याकडे आत्ता परतीचा पाऊस सरला की संपलं. मग ऑक्टोबरचं ऊन, वाळवणं, आणि पुढे थेट जूनपर्यंत छत्री माळ्यावर. इथे पाऊस जातच नाही, त्यामुळे परतायचाही प्रश्न नाही. गंमत म्हणजे वर्षाचा आकडा पाहिला तर कोल्हापूर शहर आणि गॉलवे फार लांब नाहीत, दोन्हीकडे हजार-बाराशे मिलिमीटरच्या आसपास. (गगनबावड्याचं नाव काढू नका, तिथला पाऊस इथल्यांना सांगितला तर मी थापा मारते असं वाटेल.) पण आपण तो सगळा चार महिन्यांत संपवतो. इथे तो सव्वादोनशेच्या आसपास दिवसांवर चटणीसारखा पुरवून पुरवून वाढतात.

तर येत्या आठवड्याचा अंदाज. इथली सरकारी हवामान संस्था मेट एरन. तिच्या म्हणण्याप्रमाणे रविवारी वायव्येचा वारा आणि सरी. म्हणजे दहा मिनिटं पाऊस, वीस मिनिटं लख्ख ऊन, परत पाऊस, आणि मधे कुठेतरी इंद्रधनुष्य, ज्याच्याकडे इथलं कुणी मान वर करूनही बघत नाही. सोमवार बरा. मंगळवारी दुपारनंतर अटलांटिकवरून नवा कमी दाबाचा पट्टा येतोय, वारा दक्षिणेकडून नैर्ऋत्येला वळेल, बुधवारी दिवसभर आडवा पाऊस. गुरुवारी आभाळ मोकळं आणि म्हणूनच रात्री गारठा, चार अंशांपर्यंत. शुक्रवारपुढचं लिहिलेलं असतं, पण ते मी वाचत नाही.

तापमान ऐकून आई घाबरली होती. खरं तर दिवसा बारा-तेरा अंश असतं. त्रेपन्न अक्षांशावर, एवढ्या उत्तरेला, हे उबदारच म्हणायचं. अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह या किनाऱ्याला सांभाळून घेतो. समुद्राचं पाणीही आत्ता तेरा-चौदा अंश आहे आणि गॉलवेच्याच सॉल्टहिल किनाऱ्यावरच्या पिवळ्या मनोऱ्यावरून सत्तरीच्या आजीबाई रोज सकाळी त्यात उडी मारतात. आईला हे मी मुद्दाम सांगितलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर ते रंकाळ्यावर तालीम सुरू करतील, ही भीती.

थंडीपेक्षा त्रास वाऱ्याचा आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी तीन छत्र्या मोडल्या. तिसरी तर हातात नुसता दांडा ठेवून उडून गेली. इथे वादळांना नावं देतात, २०१५ पासून. ऑक्टोबर २०१७ मध्ये ओफेलिया आलं तेव्हा अख्ख्या देशात शाळा बंद होत्या. जानेवारी २०२५ मधल्या एओविनच्या वेळी आमच्याच जिल्ह्यात, मेस हेडला, ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, या देशातला विक्रम. पुढच्या बुधवारी तसलं काही नाही, फार तर पिवळा इशारा. पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर लाल. पिवळ्याला इथे कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही. तरी छत्री नकोच. टोपीचा, वारं न शिरणारा रेनकोट आणा म्हटलं. बाबा म्हणाले, "म्हणजे खोळच की. गगनबावड्याकडची माणसं शहाणीच होती म्हण." घोंगडीची खोळ आणली तर इथली मेंढपाळ मंडळी त्यांना खांद्यावर घेतील, खरंच.

पण बाबांना इथलं हवामान कळलं ते वेगळ्याच वाटेने.

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. पावसाळ्यात आमच्याकडे तापमान कुणी विचारत नाही, बंधारा विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, किती इंच. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. राधानगरी धरणाचा तीन नंबरचा दरवाजा उघडला, सहा नंबरचा उघडला, इतका क्युसेक विसर्ग. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ ला छप्पन्नच्याही, आणि बाबांना ते दोन्ही आकडे इंचांसकट पाठ आहेत. इथे आल्यावर पहिल्यांदा रेडिओवर सागरी हवामान ऐकलं, "स्लाइन हेड ते एरिस हेड, वारा दक्षिण ते नैर्ऋत्य, फोर्स सहा किंवा सात", तेव्हा मला घरी आल्यासारखं झालं. तोच सूर, तेच न संपणारं नावांचं जपमाळेसारखं पुढे सरकणं.

मग मी बाबांना भरतीचं कोष्टक पाठवलं. त्यांनी लगेच विचारलं, "धोका पातळी किती?"

नुसत्या एका आकड्यावर इथे जुळत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, तिची उंची तर आधीच छापलेली असते. तिच्यावर वारा नैर्ऋत्येचा असेल तर तो पाणी आखातात ढकलतो. त्यात हवेचा दाब कमी असेल तर समुद्रावरचं ओझंच हलकं होतं, दर एक मिलिबारला पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. तिन्ही एकत्र आले की स्पॅनिश आर्चपाशी, १५८४ सालच्या त्या कमानीजवळ, महापालिकेची माणसं पाण्याने फुगवायचा तात्पुरता बांध टाकतात आणि सॉल्टहिलची पार्किंग बंद होतात. आणि चौथी भानगड म्हणजे कॉरिब नदी. सरोवरातून निघून अवघ्या सहाएक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते, पण भयंकर जोराची. भरती उंच असली की तिला बाहेर पडायला वाट उरत नाही.

बाबा फोनवर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "फूग की ही. खाली कृष्णा तटली म्हंजे पंचगंगा हालत न्हाई, तसं. फक्त तुमची कृष्णा खारी आहे." मी चार वर्षं इथे राहून इतक्या थोडक्यात कुणाला सांगू शकले नव्हते.

तेव्हापासून ते माझ्यापेक्षा जास्त कोष्टक बघतात. काल त्यांनीच मला सांगितलं की पुढच्या आठवड्यात अष्टमी येते, म्हणजे भरतीला जोर नाही, बुधवारच्या वाऱ्याने काही बिघडणार नाही. भांगाची भरती हा शब्द त्यांनी रत्नागिरीच्या मावशीकडून मिळवलाय आणि आता दर वाक्यात वापरतात.

आईची काळजी निराळी. तिचा फराळ. चकली, चिवडा, शंकरपाळी, सगळं माझ्यासाठी राखून ठेवलेलं. तिला बजावलंय की डबे घट्ट झाकणाचे घे, चिवडा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत सादळतो. हवेत कायम इतका ओलावा की टॉवेल दोन दिवस वाळत नाही. म्हणूनच इथे चांगल्या दिवसाची व्याख्या फार घरगुती आहे. शेजारच्या काकू कोरडा वारा सुटला की कुंपणावरून ओरडतात, "ग्रेट ड्राइंग!" कपडे वाळायला झकास दिवस, एवढाच अर्थ. ऑफिसात भिजून गेले तर म्हणतात, "सॉफ्ट डे." आपण ज्याला भुरभुर म्हणू, तो. आईला या काकू आवडणार, फक्त दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नाही.

अजून एक. रविवारी पहाटे दोन वाजता इथली घड्याळं एक तास मागे जातात. कोल्हापूर आणि आमच्यात साडेचार तासांचं अंतर होतं, ते साडेपाच होईल. सकाळ जरा लवकर उजाडेल, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळेल. बाबांचं संध्याकाळचं फिरणं दुपारी साडेतीनला हलवावं लागेल, हे अजून त्यांच्या पचनी पडलेलं नाही.

काल रात्री परत फोन. यावेळी पाऊस विचारला नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला उधाण किती वाजता, ते विचारलं. इथे पौर्णिमेची भरती पहाटे पाचच्या आसपास भरते. "अरे व्वा," बाबा म्हणाले, "म्हणजे घाटावर पणत्या लावायची वेळ." मागून आईचा आवाज आला की दोन डझन पणत्या चिवड्याच्या डब्यांच्या मधे बसवल्या आहेत, फुटणार नाहीत.

वाऱ्याचं मी अजून काही बोलले नाही.