लागंल ते

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसलेल्या माणसाला "काय धरताय?" असं विचारू नये. त्यालाच ते ठाऊक नसतं. "लागंल ते," एवढंच उत्तर येतं आणि नजर पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावरून हलत नाही.

मला खरी गंमत इथंच वाटते. तलाव म्हणजे मजल्यामजल्यांची चाळच. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरणार. रोहू मधे, मृगळ तळाला, सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखल उकरत. बूच दोरीवर किती सरकवायचं, यावर कोणाचं दार वाजणार ते ठरतं. (ठरावं, अशी आपली इच्छा.)

चारा मात्र अस्सल सोलापुरी. शेंगदाण्याची पेंड भाजायची, कणकेत मळायची आणि गोळीत गळाचं टोक लपवायचं. शेंगाचटणीच्या गावात माशांनी तरी दुसरं काय मागावं?

हाच तो एकरुख तलाव, आदिला नदी अडवून १८७१ साली झालेला. अशा साचलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागतात. पूर्वी हे मत्स्यबीज नद्यांतून गोळा करत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीचा (पिट्युटरीचा) अर्क टोचून रोहूच्या जातकुळीतल्या कार्प माशांना अंडी घालायला लावली, तेव्हापासून ते हॅचरीत तयार होऊ लागलं.

चिलापीला (तिलापियाला) असले लाड लागत नाहीत. मूळची आफ्रिकेची, अंडी तोंडात सांभाळते आणि डबक्यातही संसार मांडते. कटल्यासाठी बसावं, तर ही बुचाला टुकटुक नाचवून चारा पळवते. मोठ्या माशाचं तसं नसतं. दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं तळाला टेकवलेलं असेल आणि त्यानं गोळी उचलली, तर बूच बुडत नाही, उलट आडवं पडतं. नवखा माणूस बुडण्याची वाट बघत राहतो. शेजारचे मामा ओरडतात, "अवो, वडा की आता!"

चिलापी सोडवताना पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे तळव्यानं दाबून धरायचे, नाहीतर हात रक्ताळतो. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे तेही विचारून बसावं, उगाच वाद नकोत.

एवढं करून टोपलीत बहुधा चिलापीच असते. माझी तक्रार नाही. रोहूचे बारीक काटे निवडत बसण्यापेक्षा ही ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर टाकलेली केव्हाही चांगली. फोटो तेवढा कटल्याचाच काढतात लोक.