आमची वाटचाल: सुकतीला आत येणारी शिडाची बोट

आमचं वर्कशॉप झुआरीच्या काठावर. सुरुवात झाली ती फायबरच्या होड्या रिपेअर करण्यापासून, म्हणजे मच्छीमारांच्या होड्या, रिव्हर क्रूझवाल्यांची बारीकसारीक कामं, जेट स्कीला गेलेले तडे, जे येईल ते. आजोबा पेडण्याकडे लाकडी होड्या बांधायचे, वडील त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे फायबरकडे वळले. शिडाची बोट आमच्या डोक्यातसुद्धा नव्हती तेव्हा.

ती डोक्यात घातली म्हादेई या बोटीने. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये 56 फुटी शिडाची बोट बांधली गेली, 2009 ला नौदलात आली आणि दिलीप दोंदे तीच घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मग 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले, आणि 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणीवरून प्रदक्षिणा केली, तीही त्याच यार्डातली. गोव्यात बांधलेली बोट जग फिरून येते हे आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी किती मोठं होतं ते शब्दात सांगता येत नाही. पण आमच्या मनात प्रश्न वेगळाच आला. जग फिरायची बोट झाली, मग म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या कुटुंबाने शनिवार-रविवारी मालवणला जाऊन यायची बोट कुठे आहे? बाहेरून सेकंडहँड आणलेल्या बोटी बघितल्या, चांगल्या होत्या, पण बहुतेकांची कील, म्हणजे तळाखालचा जड पंखा, दीड मीटर नाहीतर त्याहून खोल, आणि आपल्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे, शापोराला बघा किंवा बेतुलला साळ नदीच्या तोंडाशी बघा, प्रत्येक पावसाळ्यानंतर वाळू जागा बदलते.

आमच्याकडचे जुने मेस्त तेव्हा एक वाक्य बोलले ते आजही ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, "भरतीक कोणय भितर येता, सुकतीक येवन दाखव." म्हणजे भरतीला कोणीही आत येतो, ओहोटीला येऊन दाखव. आमच्या डिझाईनची पहिली अट तीच ठरली.

आता पाणी कमी लागायला हवं तर दोन रस्ते. एक म्हणजे वर उचलता येणारी कील, आणि दुसरा म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक आखूड कील, ट्विन कील. उचलणारी कील कागदावर फार छान दिसते, खाली सोडली की बोट वाऱ्याच्या दिशेने चांगली चढते आणि वर घेतली की गुडघाभर पाण्यात पण जाते. पण आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात त्या कीलच्या खाचेत कालवं आणि शंख धरतात, वर चिखल-वाळू भरते, आणि नेमकी गरजेच्या वेळी ती अडकते. शिवाय केबिनच्या मधोमध तिची पेटी येते. आम्ही ट्विन कील घेतली. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर जिथे ओहोटीला बंदरं कोरडी पडतात तिथे अशा बोटी खूप वर्षं चालतात. आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचाच फरक पडतो, पण तळ साफ करायला तेवढा पुरे. भरतीला बोट वाळूवर आणायची, पाणी उतरलं की ती दोन कीलवर सरळ उभी राहते, खाली वाकून तळ घासायचा, क्रेनचा खर्च नाही. सुकाणू मात्र कीलपेक्षा थोडं आखूड ठेवावं लागतं, नाहीतर बोटीचं वजन त्याच्यावर येतं, म्हणून आम्ही ते रुंद केलं.

ट्विन कीलची किंमत मोजावी लागते हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला आधीच सांगतो. पाण्याला घासणारा पृष्ठभाग वाढतो आणि मंद वाऱ्यात बोटीला मागे खेचतं ते हे घर्षणच. शिवाय एका खोल कीलची बोट वाऱ्याच्या जेवढी जवळ जाते तेवढी ही जात नाही, बोट झुकली की वाऱ्याच्या पलीकडची कील जवळपास उभी होते आणि पकड धरते हे खरं, तरी पाच-सात अंशांचा फरक राहतोच.

आणि हा मंद वाऱ्याचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरा सविस्तर सांगतो. ऑक्टोबर ते मे दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, वायव्येकडून, बऱ्याचदा दहा ते पंधरा नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). मालवण आग्वादपासून सरळ रेषेत 38 सागरी मैलांच्या आसपास आणि नेमकं उत्तर-वायव्येला, म्हणजे दुपारी निघालात तर वारा समोरून, नागमोडी जात 38 चे 55-60 मैल होतात, बायको-पोरांसकट कोणी दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणून पहाटे चारला निघायचं. तेव्हा जमिनीवरून मतलई वारा असतो, पूर्वेकडून, जेमतेम सहा-सात नॉट, पण बाजूने येतो आणि समुद्र सपाट. तेवढ्या वाऱ्यात बोट साडेतीन-चार नॉट पळाली तर दहा-अकरापर्यंत वेंगुर्ल्याजवळ पोचता आणि खारा वारा सुरू व्हायच्या आत अर्ध्याहून जास्त रस्ता संपलेला असतो. दोन नॉटच पळाली तर रेडीसमोर घाम गाळत बसाल. माझ्या मते या किनाऱ्यावरच्या बोटीची परीक्षा हीच, जोराच्या वाऱ्यात काय सगळ्याच पळतात.

त्यामुळे शीड मोठं ठेवलं. बोट 24 फूट, पाण्यावरची लांबी 22 फूट, कारण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जवळपास उभी केली, वजन साधारण 2000 किलो, मेनसेल (मुख्य शीड) आणि जेनोआ (पुढचं शीड) मिळून 300 चौरस फूट. शीड आणि वजनाचं जे गुणोत्तर डिझायनर काढतात ते 18 च्या जवळ येतं, क्रूझिंग बोटीसाठी भरपूर. पाण्यावरच्या लांबीच्या वर्गमूळाला 1.34 ने गुणलं की वेगाची मर्यादा नॉटमध्ये मिळते, इथे 6.3 नॉट, त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेत अडकते आणि कितीही शीड लावा उपयोग नाही. म्हणून नाळ उभी केली, त्याच 24 फुटात लांबी जास्त मिळाली. दुपारी वारा पंधराच्या वर गेला की एक रीफ घ्यायचा, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करायचं, नाहीतर झुकाव वाढतो, बोट वाऱ्याकडे तोंड वळवायला लागते आणि सुकाणू धरून हात दुखतात. पंधरा-वीस अंशांच्या आत झुकाव ठेवला तर वेगही मिळतो आणि आत चहाही सांडत नाही.

2000 किलोतले 750 किलो शिसं, दोन्ही कीलच्या तळाला. पहिली बोट पाण्यात उतरवली तेव्हा जेट्टीला बांधून डोलकाठीच्या टोकाला दोर लावला आणि काठी पाण्याला टेकेपर्यंत आडवी खेचली. हॅचेस बंद, आत कोणी नाही. दोर सोडला आणि ती सरळ उठली, आणि वडिलांनी तिथेच नारळ फोडला. प्रत्येक नव्या डिझाईनला हे करणार, गिऱ्हाईकासमोर.

लॅमिनेशनबद्दल, म्हणजे फायबरचे थर रेझिनने चढवण्याबद्दल, लोक कमी विचारतात, पण बोट पंधरा वर्षं टिकणार की पाच ते तिथे ठरतं. पावसात हवा एवढी दमट असते की रेझिन नीट बसत नाही, त्यामुळे फायबरचं काम नोव्हेंबर ते मे आणि पावसात सुतारकाम, वायरिंग, शिडांची कामं. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास, रेझिन भराभर घट्ट होतं, मग कॅटलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) कमी टाकायचं आणि पहाटे काम उरकायचं. बाहेरच्या थरांना आम्ही विनाइलएस्टर रेझिन वापरतो, साध्या पॉलिएस्टरपेक्षा महाग आहे, पण कोमट पाण्यात फोड लवकर येतात म्हणून तिथे काटकसर करत नाही. आतल्या फर्निचरला आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, कडांना इपॉक्सी. रंग पांढराच, गडद निळ्याचा हट्ट खूप जण धरतात, पण मे महिन्यात डेकवर अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल.

डोलकाठी बुडाशी बिजागरीवर आहे, दोन माणसांत खाली येते, कारण कुंभारजुवे कालव्यातून मांडवीत जायचं तर वाटेत पूल.

सध्या वर्कशॉपमध्ये मी, वडील, मेस्तांचा मुलगा आणि सावंतवाडीकडची चार पोरं. एका वेळी एकच बोट घेतो. इंजिनाच्या जागी बॅटरीवरची मोटर द्या असं आता बरेच जण विचारतात, नदीच्या आत-बाहेर करायला ती आम्हालाही आवडते, आवाज नाही वास नाही, पण मुखाशी लाटा फुटत असताना ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध आत यायचं तर अर्धा-पाऊण तास पूर्ण ताकद लागू शकते. तेवढी बॅटरी बसवली तर वजन किती वाढतं आणि ते कुठे ठेवायचं याचं गणित चालू आहे, तोवर डिझेलच देतोय. ज्यांना बोट चालवून बघायची आहे त्यांनी पाऊस संपला की ऑक्टोबरनंतर या, शक्यतो पहाटे, मतलई वाऱ्यातच दाखवू.