एक्सरे क्लीन, पण खडा होताच

धुळ्याजवळच्या एका वीटभट्टीवरचे मुकादम, पन्नाशी ओलांडलेले, शुगरवाले, कंबर धरून ओपीडीत आले. सोबत बायको आणि पिशवीत दोन एक्सरे, दोन्ही क्लीन. कुणीतरी सांगितलेलं की किडनीत खडाबिडा काही नाही, मणक्याचं आहे, पट्टा बांधा, आणि ते भर मे महिन्यात पट्टा बांधून भट्टीवर उभे राहत होते.

मला शंका आली ती त्यांच्या बसण्यावरून. मणक्याचा पेशंट हलायला घाबरतो, खड्याचा पेशंट एका जागी बसूच शकत नाही, हे तर सारखे उठत होते, येरझाऱ्या घालत होते आणि कळ कंबरेतून जांघेत उतरत होती. पाणी किती पिता विचारलं तर म्हणाले, "पाणी पेवाले टाईमच नई भेटस, साहेब."

सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज आणि तोंडाशीच, जिथून लघवीची नळी सुरू होते तिथे, १२ मिमीचा खडा. साधा सीटी केला, त्यात खड्याची घनता चारशे एचयूच्या (सीटीचं घनतेचं माप) आसपास, म्हणजे कमीच, आणि लघवीचा पीएच ५, म्हणजे ॲसिडिक. युरिक ॲसिडचा खडा असणार हे जवळपास नक्की झालं. हा खडा साध्या एक्सरेत दिसत नाही, किरणं त्यातून आरपार जातात, म्हणून नुसता एक्सरे बघून "खडा नाही" असं कुणीही सांगू नये, मला हे मनापासून वाटतं. शुगरवाल्यांची लघवी बऱ्याचदा आधीच जास्त ॲसिडिक असते, त्यात भट्टीची धग, घाम आणि पाणी नाही, खडा व्हायला अजून काय लागतं?

ताप नव्हता, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल होतं. ताप असता तर ती इमर्जन्सी, अडकलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की माणूस हातचा जाऊ शकतो. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, टाकला आणि लघवी अल्कलाईन (ॲसिडिकच्या उलट) करणारं पोटॅशियम सायट्रेटचं औषध सुरू केलं.

यावर त्यांच्या बायको, ताई, म्हणाल्या, माझ्या दीराचा खडा दुर्बिणीनं काढला, यांना नुसतं औषध कसं काय? प्रश्न अगदी रास्त. दीरांचा बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल, सगळ्यात जास्त तोच सापडतो आणि तो औषधानं विरघळत नाही, छोटा असेल तर आपोआप पडतो, नाहीतर काढावा लागतो. इन्फेक्शनमुळे होणारा खडा किडनीभर फांद्यांसारखा पसरतो, त्याचा तुकडा जरी मागं राहिला तरी परत वाढतो. सिस्टीनचा दुर्मिळ, घराण्यात चालत येणारा. लघवी अल्कलाईन केली की छान विरघळतो तो युरिक ॲसिडचाच.

पट्टीनं लघवीचा पीएच घरीच बघायचा, ६.५ ते ७ ठेवायचा, त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फॉस्फेटचा थर बसतो. रंग जुळवून वहीत लिहायचं काम त्यांच्या नातीनं केलं, एक दिवस चुकवला नाही. मधूनमधून रक्तातलं पोटॅशियम आम्ही बघत होतो. पावसाळ्यात परत सीटी केला, किडनी साफ! स्टेंट काढला. मला इतका आनंद झाला की तो सीटी मी स्टाफमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

त्या दिवशी ताईंनी दीरांचा खडा आगपेटीत घालून आणला होता, घरात जपून ठेवलेला. लॅबला पाठवला, निघाला कॅल्शियम ऑक्झलेटच. दीरांनी कॅल्शियमच्या भीतीनं दूध सोडलेलं, ते परत चालू करायला सांगितलं, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कमी करायचं ते मीठ, आणि पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे.