इटालियन नाश्ता, बसून

इटालियन रेस्टॉरंटमध्ये नाश्त्याला जाण्यातच थोडी गंमत आहे. मेन्यूकार्ड उघडावं तर पहिलं पान अंड्यांचं. टोमॅटोच्या सॉसमध्ये सोडलेली अंडी, मशरूम घातलेला फ्रिटाटा म्हणजे जाडसर ऑम्लेट, टोस्टवर पोच केलेलं, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं. पुढच्या पानावर पॅनकेक. आणि खुद्द इटलीत सकाळच्या वेळी अंड्याला सहसा कुणी विचारत नाही! फ्रिटाटा तिथं जेवणात असतो. सकाळी लागतं ते गोड : चंद्रकोरीच्या आकाराचा कॉर्नेत्तो नावाचा पाव, आत जॅम नाहीतर क्रीम, सोबत फेसाळ दुधाची कॉफी, म्हणजे कापुचिनो. तोही काउंटरपाशी उभ्याउभ्या. पाच मिनिटांत माणूस कामाला पसार. खुर्चीत टेकलात तर बऱ्याच ठिकाणी त्याच कॉफीचे जास्त पैसे पडतात.

मला यात फसवणूक वगैरे वाटत नाही. सुट्टीच्या सकाळी आवरून, आपल्या माणसांना गोळा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं ते काय पाच मिनिटं उभं राहायला? आपल्याला बसायचंच असतं. अंडी आणि पॅनकेक हे त्या बसण्याचं भाडं.

तरी त्या जागेत अस्सल इटालियन एक गोष्ट असतेच : कॉफीचं मशीन. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोनं १८८४मध्ये वाफेवरच्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेरानं १९०१मध्ये त्यात सुधारणा करून एकेक कप झटपट काढायची सोय केली. पण कपावरची ती तपकिरी साय आली दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिल्ले गाज्जियाच्या दांडा ओढायच्या मशीनमुळे. आता साधारण ९ बारचा, म्हणजे हवेच्या जवळपास नऊपट दाब आणि २५-३० सेकंद, एवढ्यात एस्प्रेसो, म्हणजे छोट्या कपातली कडक काळी कॉफी तयार. शक्य असेल तर मी या मशीनच्या जवळचं टेबल धरते. वाफेची नळी दुधात जेमतेम टेकली की आधी कापड टरकावल्यासारखा आवाज येतो. नळी खाली गेली की तोच घोगरा होतो. मशीनवरचा मुलगा दुधाच्या भांड्याला तळहात लावून उभा असतो; हात पोळायला लागला की वाफ बंद. मग भांडं ओट्यावर दोनदा आपटून मोठे बुडबुडे फोडायचे, आणि ओतायचं.

बाकी अस्सलपणाचा फार आग्रह धरण्यातही अर्थ नाही, कारण इटलीचंच एकमत नाही. रोममध्ये क्रीमनं फुगलेला मारित्तोत्सो नावाचा गोड पाव, सिसिलीत उन्हाळ्यात ब्रियोश या मऊ पावाबरोबर चक्क बर्फाळ ग्रानिता. जेनोआत तर फोकाच्चा हा खारट चपटा पाव कापुचिनोत बुडवून खातात. हे मी भर रेस्टॉरंटमध्ये करून पाहिलं. समोरच्यांनी माना वळवल्या. फेसावर ऑलिव्ह तेलाचे बारीक गोल थेंब तरंगायला लागले, पावाचा वरचा भाग कुरकुरीत राहिला आणि खालचा दूध पिऊन मऊ झाला. मधेच दाताखाली मिठाचा खडा. मला आवडलं. मेन्यूकार्डवर मात्र हे कुणी कधी छापणार नाही, आणि ते बरंच आहे.

गप्पा लांबत गेल्या. शेजारच्या टेबलावर पास्ता आला. वेटर आमच्यापुढे जेवणाचं मेन्यूकार्ड ठेवून गेला, तेव्हा मी आणखी एक कापुचिनो मागवला. सकाळ उलटल्यावर, त्यातून जेवणाच्या वेळी, दुधाची कॉफी मागणारा माणूस इटलीत लगेच परदेशी म्हणून ओळखू येतो. येऊ दे की.