बरणी परत आली पाहिजे

ओट्यावर सध्या सात रिकाम्या बरण्या पालथ्या घातल्या आहेत. काचेच्या, लिटरभर मापाच्या, आटेवाल्या झाकणांच्या. धुऊन, पुसून, ऊन दाखवून झालंय. त्या माझ्या नाहीत, टेकडीवरच्या आजींच्या आहेत. आणि दुसऱ्याच्या सात रिकाम्या बरण्या घरात असणं ही आमच्या भागात जरा लाजिरवाणीच गोष्ट.

आमचा भाग म्हणजे टेनेसी राज्याचं पूर्वेकडचं टोक, जॉन्सन सिटीच्या बाहेर डोंगराकडे जाणारा रस्ता. नकाशात या मुलखाचं नाव ॲपलेशिया. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिणेपासून मिसिसिपीच्या उत्तरेपर्यंत १३ राज्यांत पसरलेला डोंगराळ पट्टा. अकरा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मी ‘ॲपलेशिया’च म्हणायचे, आणि लोक हसून दुरुस्त करायचे : ‘ॲपलॅचा’. सोलापूरचा, पंढरपूरचा, तसा ॲपलॅचा. मंगळवेढ्याच्या मुलीला लक्षात ठेवायला काही जड गेलं नाही.

राहायला येऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बरणी. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत पिवळसर-हिरवं, बारीक चिरलेलं काहीतरी. झाकण उघडलं तर वास आला हळदीचा आणि मोहरीचा! आजूबाजूला कुणाचं घर आहे हेही नीट माहीत नसलेल्या जागी हळदीचा वास. मी पायरीवरच बसकण मारली आणि बोटाने चाखून पाहिलं. आंबट-गोड, करकरीत. याला ‘चाऊचाऊ’ म्हणतात हे नंतर कळलं. थंडी पडायच्या आधी बागेत जे काही उरलेलं असेल, म्हणजे हिरवे टोमॅटो, कोबी, मिरच्या, कांदे, ते सगळं चिरून मीठ लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाणी पिळून काढायचं आणि व्हिनेगर, साखर, मोहरी, हळदीत शिजवायचं. उकडलेल्या पिंटो बीन्सवर घेऊन मक्याच्या पावाबरोबर खातात. पिठलं-भाकरीच्या ताटात ठेच्याचं जे स्थान, तेच याचं.

बरणी कुणाची, हे पोस्टमनने सांगितलं. मग मी शहाण्यासुरत्या बाईसारखी दुकानात गेले, पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड घेतलं, ‘थँक यू’ छापलेल्या देखण्या पाकिटात घातलं आणि टेकडी चढून देऊन आले. आजींनी पाकीट घेतलं, उघडलं नाही. पाऊसपाण्याचं बोलल्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर तीन बरण्या. मी फुलांचा गुच्छ नेला. पुन्हा दोन बरण्या आणि एक मक्याच्या पातींची बाहुली. नवरा म्हणाला, “आता तू थांब. नाहीतर माळ्यावर बरण्यांसाठी फळ्या ठोकाव्या लागतील.” शेवटी आजी स्वतःच खाली आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “हनी, मला दुकानातलं काही नको गं. माझ्या बरण्या तेवढ्या दे.”

शेजारणीची वाटी परत करताना तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी घालायची, रिकामं भांडं पाठवायचं नाही, हे मी परकर-पोलक्याच्या वयात शिकले होते. सातासमुद्रापलीकडे आल्यावर ती अक्कल पाकिटात घालून कुणाला तरी देऊन टाकली होती बहुतेक. त्या रात्री मी लिंबाचं गोड लोणचं घातलं, मुरेपर्यंत तीन आठवडे थांबले, आणि आजींच्याच बरणीत भरून नेलं. आजींनी बरणी उजेडात धरून पाहिली, वास घेतला आणि मला प्रथमच घरात बोलावलं.

त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक निळसर काचेची बरणी आहे. तिच्यावर काचेतच उठवलेली अक्षरं : मेसनचं पेटंट, ३० नोव्हेंबर १८५८. जॉन मेसन हा पत्र्याची कामं करणारा कारागीर. बरणीच्या काचेच्या गळ्यालाच आटे पाडायची युक्ती त्याची. तेव्हापासून अशा बरणीला मेसन जार म्हणतात. या बरणीत आजी गुंड्या ठेवतात. बाकीच्या, म्हणजे कामातल्या बरण्या तळघरात. उकळत्या पाण्यातून काढून टेबलावर ठेवल्या की निवताना एकेक झाकण आत ओढलं जातं आणि ‘टक्’ वाजतं. आजी दुसऱ्या खोलीत शिवत बसलेल्या असल्या तरी ते टक् मोजत असतात. अठरा भरल्या आणि सतराच वाजल्या तर उरलेली एक त्याच दिवशी जेवायला.

इथली माणसं ‘थँक यू’ फारसं म्हणत नाहीत. म्हणजे गल्ल्यावर म्हणतात, दार उघडून धरलं तर म्हणतात, पण मनापासून काही घेतलं की गप्प होतात. पहिली दोन-तीन वर्षं मला तो कोरडेपणा वाटायचा. खरं तर वाटायला नको होता. घरातल्या घरात कुणी ‘धन्यवाद’ म्हणालं तर आपल्याला सत्कार समारंभात बसल्यासारखं होतं. माझ्या आजीला कुणी काही आणून दिलं तर ती म्हणायची, “कशाला एवढं?” आणि लगेच, “थांब, जाऊ नको,” करत मडक्यात हात घालायची. इथल्या आजी म्हणतात, “असं करायचं काही कारण नव्हतं,” आणि फडताळ उघडतात. फरक फक्त मडक्याचा.

पण इथे त्याला आणखी एक पदर आहे. डोंगरातली जुनी माणसं एक शब्द वारंवार वापरतात : ‘बिहोल्डन’. शब्दकोश काहीही सांगो, मराठीत त्याला चपखल शब्द आहे, मिंधा. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा इथला बाणा. आणि त्याला कारणही आहे. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन केंटकीतल्या आइनेझ गावी आले, एका गरीब कुटुंबाच्या ओसरीवर बसले, दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारल्याचा गाजावाजा झाला, आणि त्या ओसरीचे फोटो देशभर गेले. तेव्हापासून बाहेरच्यांच्या डोक्यात ॲपलॅचा म्हणजे पडकी घरं आणि अनवाणी पोरं. दानाची खोकी आली. आजी तेव्हा शाळेत होत्या. त्या खोक्यातला कोट त्यांना आजही आठवतो, कारण त्याच्या खिशात दुसऱ्याच कुणाचा तरी रुमाल होता. “उबदार होता,” एवढंच म्हणतात. त्या कोटाचं काय परत करणार आणि कुणाला? माझं गिफ्ट कार्डही त्या खोक्याच्याच जातीचं होतं, हे मला ती गोष्ट ऐकली तेव्हा उमगलं. बरणीचं तसं नाही. बरणी म्हणजे वानोळा. आज तुमचा, उद्या माझा.

मंगळवारी चर्चच्या तळघरात बायका क्विल्ट शिवायला जमतात. मला नेलं आजींनीच. लाकडी चौकटीवर ताणलेली गोधडी, चारी बाजूंना सहा-सात जणी, सगळ्यांचे हात चालू आणि तोंडंही. पूर्वी ही चौकट दोऱ्यांनी आढ्याला टांगलेली असायची. जेवणवेळ झाली की वर ओढायची, पुन्हा काम काढलं की खाली. ठिगळांच्या मांडणीला एकेक नाव : अस्वलाचा पंजा, उडती बदकं, दारुड्याची वाट. ही दारुड्याची वाट खरोखरच झोकांड्या खात जाते. तिच्याखाली मुलाला निजवलं तर तो पिणारा निघतो म्हणे. मी विचारलं, “मग शिवता कशाला?” त्यावर एक बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “जावयांसाठी.”

पुढच्या मंगळवारी मी माझी वाकळ घेऊन गेले. माझ्या आजीची, जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्याची. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि बोलणंच थांबलं. त्यांची टाके घालायची रीत नक्षीबरहुकूम. आमच्या आजीचा दोरा मात्र कडेने निघतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापाशी येतो. टेकडीवरच्या आजींनी चष्मा वर केला, एका कोपऱ्यापासून टाक्यांवर बोट ठेवलं आणि चालत राहिल्या. कोपरा आला की वळायच्या. मध्याजवळ एका ठिकाणी टाके एकदम लांब लांब होतात, तिथे थांबून म्हणाल्या, “इथे तिची नजर गेली असणार. किंवा दिवस मावळला.” माझ्या आजीला शेवटी मोतीबिंदू झाला होता. मी त्यांना ते कधीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी वाकळीचा पोत चाचपला आणि आपल्या लहानपणच्या गोधड्या आठवल्या. कोंबड्यांच्या खाद्याची पोती तेव्हा फुलाफुलांच्या छापील कापडाची येत, आणि बायका नवऱ्याला बजावून पाठवत, की मागच्या वेळचंच फूल आण, झग्याला अजून एक पोतं लागतंय.

या देण्याघेण्यातून कधीकधी भलतंच मोठं काही उभं राहतं. इथून तासाभरावर, नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलजवळ ब्लू रिज पार्कवेवर फोक आर्ट सेंटर आहे. आत गेलं की अलनस्टँड नावाचं हस्तकलेचं दुकान लागतं. त्याची गोष्ट अशी, की १८९० च्या दशकात फ्रान्सिस गुडरिच नावाची शिकलेली, बाहेरून आलेली बाई चर्चच्या कामासाठी या डोंगरांत राहत होती. एका शेजारणीने तिला मागावर विणलेली चादर भेट दिली. चाळीसेक वर्षं जुनी, साय रंगावर सोनेरी तपकिरी, दुहेरी गाठीच्या नक्षीची. तोवर माग अडगळीत पडत चालले होते. ती चादर पाहून गुडरिचबाईंना वाटलं, या बायकांच्या हाताला यातूनच काम देता येईल. त्यांनी विणकाम पुन्हा सुरू करवलं, १९०८ साली ॲशव्हिलमध्ये दुकान थाटलं, आणि १९३१ मध्ये ते चालतं दुकान डोंगरातल्या कारागिरांच्या नव्या संघाला देऊन टाकलं. चादर भेट मिळाली होती, परत दुकान गेलं. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात तर त्याच काळात आया मुलांच्या फीपोटी अशा चादरी आणून देत. हे वाचताना मला आपल्याकडे मास्तरांच्या घरी जाणारी ज्वारीची पायली आठवली.

ज्वारीवरून आठवलं. इथे शरद ऋतूत सॉर्घमचा पाक करतात, आणि सॉर्घम म्हणजे चक्क ज्वारी, गोड धाटाची. उसासारखी धाटं चरकात घालायची, हिरवा रस कढईत आटवायचा, वरची मळी सारखी काढत राहायची. दहा गॅलन रस आटवला तर गॅलनभर पाक हाती लागतो. ज्वारीची काकवी! मी आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी विश्वासच ठेवला नाही, आणि मग विचारलं, “आणि भाकरी?” भाकरीचं नाव काढू नका म्हटलं. मऊ पावासारखी ‘बिस्किटं’ लोण्याबरोबर त्यात बुडवून खातात. आमच्या घरी आता ती काकवी धपाट्याबरोबर जाते, आणि धपाटे टेकडीवर.

एक रीत मला फार आवडते. गावात नवा पाद्री आला किंवा नव्या जोडप्याने बिऱ्हाड थाटलं की ‘पाउंडिंग’ करतात. जो तो पौंडभर काहीतरी घेऊन येतो : साखर, पीठ, कॉफी, लोणी. कुणी जास्त आणायचं नाही, कुणी कमी नाही. त्यामुळे कोण किती श्रीमंत हे टेबलावर दिसत नाही. अलीकडे टिश्यू पेपरचे गठ्ठे आणि डिटर्जंटच्या बाटल्याही येतात, त्यांचं वजन कोण करतं देव जाणे. मी पौंडभर साजूक तूप कढवून नेलं होतं. महिन्याने पाद्रीबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, ते पिवळं मलम हाताच्या भेगांना फार गुणकारी आहे. मी मान हलवली. पुढच्या बरणीवर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘खाण्याचं’.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ आलं आणि नोलीचकी नदीने शेजारच्या काउंटीत घरं, पूल, रस्ते नेले. आम्ही उंचावर म्हणून वाचलो. मंगळवारच्या बायकांनी तळघरातलं कपाट रिकामं केलं. पुढच्या वर्षीच्या विक्रीसाठी, नातवंडांच्या लग्नासाठी, कशाकशासाठी शिवून ठेवलेल्या सगळ्या गोधड्या गाडीत गेल्या. टेकडीवरच्या आजींनी त्यांच्या पलंगावरचीही काढून दिली. मी दुकानात जाऊन सहा नवी ब्लँकेटं आणली. वाकळ दिली नाही. मनात आलं नव्हतं असं नाही, कपाट उघडून तिच्यावर हातही ठेवला होता. पण नाही दिली. आजींनी माझी ब्लँकेटं मोजून गाडीत रचली आणि म्हणाल्या, “ही लवकर वाळतील. बरं झालं.”

मागच्या हिवाळ्यात आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या मुलीकडे राहायला गेल्या, आणि त्यांच्या सात बरण्या माझ्याकडे राहिल्या. एक-दोनदा वाटलं, नेऊन द्याव्यात. पण रिकाम्या कशा द्यायच्या? आणि भरल्या देऊन टाकल्या, तर पुढे काय, हे मनात यायचं आणि मी त्या पुन्हा धुवायला घ्यायचे.

काल सकाळी फोन आला. आवाज थोडा बसलेला. ना ख्याली, ना खुशाली.

“हनी, माझ्या किती बरण्या आहेत गं तुझ्याकडे?”

“सात,” मी म्हटलं. “आणते ना. लोणचं मुरतंय.”

“घाई नाही. मोजून ठेव फक्त.” मागे मुलीचा आवाज आला, काहीतरी नको नको म्हणत होती. आजींनी रिसीव्हरवर हात ठेवून तिला काही सुनावलं आणि परत आल्या. “सातच ना? मग घेवड्याच्या दोन ओळी पुरतील.”