शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्याआधी

जळगाव, जून

बारावीचा निकाल लागून गेला. घराघरांत आता सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॉलेजांच्या याद्या सुरू आहेत. शिष्यवृत्तीचं नाव निघतं ते प्रवेश झाल्यावर, 'महाडीबीटी सुरू झालं की भरू' म्हणून. महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं राज्य सरकारचं संकेतस्थळ. पण अर्ज अडकतो तो घरातल्या कागदांपाशी, आणि ते कागद जुळवायचे दिवस आत्ताचे आहेत.

सगळ्यात आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. नोकरदाराला फॉर्म सोळा लागतो. शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ आलं की रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात, तलाठी पंचनाम्याला जातात आणि अहवाल मागे पडतो. त्यात प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर सगळा तालुका लोटतो. एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवं आर्थिक वर्ष लागलं की एप्रिलमध्येच तो काढून घ्यावा. ओबीसी मुलांना नॉन-क्रिमीलेयरसाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. तेव्हा तीन वर्षांचा दाखला एकदाच काढला तर तहसीलची एक फेरी वाचते. दाखल्यावरचा बारकोड स्पष्ट दिसायला हवा. घडी बरोबर बारकोडवरच पडलेला कागद स्कॅन करून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट नाव आणि जन्मतारीख. महाडीबीटीवर ही माहिती आधारवरून येते आणि कॉलेजचा क्लार्क ती दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून बघतो. आधारवर 'रविंद्र', गुणपत्रिकेवर 'रवींद्र' असेल तर फारसं कोणी अडवत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं आलं असेल किंवा जन्मतारीख वेगळी असेल, तर अर्ज परत येतो. अशा वेळी आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्यावं. बोर्डाची गुणपत्रिका बदलणं फार लांबचं काम आहे. पण आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. दुरुस्तीच्या फॉर्मवरचं अक्षर न् अक्षर मुलासमोर वाचूनच सही करावी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही त्याच दिवशी बघावं. वडिलांचं जुनं, रिचार्ज न केलेलं सिम तिथे जोडलेलं असतं आणि ओटीपी त्या बंद सिमवर जातो.

आता खातं. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पासबुकाची झेरॉक्स आणि आधारची झेरॉक्स बँकेत दिली की खातं 'लिंक' झालं असं आपण धरतो. ती झाली केवायसी, म्हणजे नुसती ओळखीची पडताळणी. शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून निघते आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या क्रमांकापुढे जी बँक असेल तिथे जाते. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, शेवटी ज्या बँकेने नोंद केली ती. मध्यंतरी पोस्टाच्या बँकेत किंवा एखाद्या ॲपवर खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरचे स्टेट बँकेच्या पासबुकात एंट्री शोधत बसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, दोन्ही कळतं. दहा मिनिटांचं काम आहे, फॉर्मच्या आधीच करावं. मुलाचं खातं कमी कागदपत्रांवर काढलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर त्यात शिल्लक 50,000 रुपयांवर जाऊ देत नाहीत आणि वर्षात एक लाखाच्या वर जमा होत नाही. बीफार्म-इंजिनिअरिंगची फी मोठी असते, म्हणून पूर्ण केवायसी करून घेतलेली बरी.

योजना निवडताना शेजारच्या मुलाने काय भरलं ते बघू नये. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा 8 लाख. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांनाच मिळते. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफीची योजना बघावी. मुलींसाठी 2024-25 पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क व परीक्षा फी पूर्ण माफ. मात्र होस्टेल, मेस आणि प्रवासखर्च त्यात धरलेला नाही, आणि शिरपूर किंवा पुण्याला राहायचं म्हटलं की खरा बोजा तोच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना त्यात जास्त रक्कम मिळते, म्हणून अल्पभूधारक दाखला विसरू नये. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. तिची चौकशी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या प्रकल्प कार्यालयात करावी.

कॅफेवर फॉर्म भरायला माझी हरकत नाही, फक्त मुलाने शेजारी बसावं. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल मुलाचाच हवा, आणि युजरनेम-पासवर्ड त्याच्या स्वतःच्या वहीत. नूतनीकरण दर वर्षी याच लॉगिनवरून होतं. पहिल्या वर्षी कॅफेवाल्याचा नंबर टाकलेला असला, की दुसऱ्या वर्षी मुलगा दारोदार फिरतो. प्रत्येक फाइल 15 ते 256 केबीमध्ये बसवावी. फार दाबली की सही-शिक्का वाचता येत नाही आणि त्याच कारणाने अर्ज परत येतो. नीटसाठी वर्ष थांबलेल्या मुलांनी गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं.

सबमिट केल्यावर आई-वडील विचारू लागतात, "पैसा कव्हय येतीन?" त्याआधी अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून विभागाकडे जावा लागतो. दर आठवड्याला मुलाने लॉगिन करून बघावं. अर्ज 'सेंड बॅक' झाला तर शेरा वाचून मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो आणि ती मुदत कोणी घरी येऊन सांगत नाही. पुन्हा पाठवल्यावर त्याची प्रिंट क्लार्ककडे नेऊन द्यावी.

अनुसूचित जातीच्या मुलांच्या घरी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 2021-22 पासून त्यांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फी असते आणि ती सात दिवसांच्या आत कॉलेजात भरायची असते. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा दिसला की बियाण्याकडे वळतो, हे समजण्यासारखं आहे. पण मग परीक्षेच्या फॉर्मवेळी कॉलेज थकबाकी दाखवतं आणि मूल ऑफिसच्या खिडकीशी एकटं उभं राहतं. रक्कम आली त्याच दिवशी फी किती आणि निर्वाह भत्ता किती हे कॉलेजातून लिहून घ्यावं, फी भरून पावती मुलाच्या फाइलला लावावी, आणि उरलेला भत्ता त्याच्या पुस्तका-मेससाठी त्याच्याच खात्यात राहू द्यावा.