इलॅस्टिकचा पायजमा: बेतण्यापासून नेफ्यापर्यंत

पायजमा जवळपास झाला. दोन्ही पाय जोडले, आसनाची, म्हणजे दोन्ही पाय जिथे मिळतात त्या पुढून मागे जाणाऱ्या भागाची टीप पडली, कमरेच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवलं. आता फक्त मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, दुमडायची राहिली आहे. शिवणकाम नव्याने शिकणाऱ्यांनी पहिला कपडा म्हणून हाच घ्यावा, असं माझं मत आता पक्कं होत चाललं आहे. काज-बटण नाही, बाही नाही, गळा नाही. एका पायाला एकच तुकडा कापला की बाजूची शिवणसुद्धा लागत नाही.

कापड साधं सुती, मध्यम जाडीचं. कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि लांबीत जास्त आटतं. पायाची लांबी काठाला समांतर ठेवली. तिरकं बेतलं तर पाय धुतल्यावर पिळवटतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. सुलट बाजू आत घेऊन कापड दुहेरी घातलं आणि दोन्ही पाय एकदमच कापले, म्हणजे डावा-उजवा आपोआप मिळतो.

आता आसन. पायजमा बसायला-उठायला सुखाचा होतो की काचतो, ते इथेच ठरतं. कडक खुर्चीवर ताठ बसून, बाजूने कमरेपासून बैठकीपर्यंत माप घ्यायचं आणि त्यात 2-3 सें.मी. मिळवायचे. सीट, म्हणजे बैठकीचा सगळ्यात रुंद घेर, 96 सें.मी. धरू. एका पायाला निम्मे 48, ढिलाईचे 6, असे 54. याच्या पुढे आसनाची टोकं: पुढच्या बाजूला सीटचा सोळावा भाग, म्हणजे 6, आणि मागच्या बाजूला आठवा भाग, म्हणजे 12. मांडीशी एकूण 72, शिवाय दोन्हीकडे दीड-दीड सें.मी. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. मागचं टोक मोठं का, तर बसल्यावर सगळं कापड मागे ओढलं जातं. त्याच कारणाने कमरेची रेघही मागे 3 सें.मी. उंच काढली.

शिवताना आधी प्रत्येक पायाची आतली शिवण घातली. मग एक पाय सुलटा करून उलट्या पायाच्या आत सरकवला, आतल्या शिवणी एकमेकींवर बसवून तिथे टाचणी लावली आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एका दमात टीप मारली. गोलाईत कापड तिरकं येतं, हाताने जरा ओढलं तरी ताणतं. तिथे कापड मशिनलाच पुढे नेऊ द्यावं. सगळा ताण याच शिवणीवर येतो, म्हणून गोलाईत मायेच्या बाजूला 3 मि.मी. अंतरावर दुसरी टीप घातली, जास्तीची माया कापली आणि कडेला झिगझॅग मारलं. घालून मांडी घालून बसले, वाकले: कुठेच ओढत नाही. इतका आनंद झाला!

नेफा आधी 1, मग 3 सें.मी. दुमडला. इलॅस्टिक अडीच सें.मी. रुंदीचं आहे, त्यामुळे आत मोकळं फिरतं. कमरेच्या मापापेक्षा 6 सें.मी. कमी घेतलं, पण प्रत्येक इलॅस्टिकचा ताण वेगळा. टोकांना सेफ्टी पिन लावून थोडा वेळ घालून बघावं, मगच 2 सें.मी. एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारावी. नेफा बंद केल्यावर मागे मधोमध एक उभी टीप घातली. तिने इलॅस्टिक पलटत नाही आणि घालताना मागची बाजूही कळते.

मोहरीला 4 सें.मी. सोडलेत. पायजमा घालून, उभं राहून खूण करेन आणि मगच दुमडेन.

पुढच्या पायजम्याला खिसा हवा आहे. बाजूची शिवण नसल्याने तो वरूनच लावावा लागेल, आणि तोही आतली शिवण घालण्याआधी, पाय सपाट पसरलेला असतानाच.